कोपरांचं वजन

डॉक्टरबाईंनी खोलीचं दार आतून लावून घेतलं, तेव्हाच हे काम नुसतं टेबलाचं नाही असं मला वाटलं. टेबलाची मापं घ्यायला दार कशाला लावायचं? मी भिंतीला टेप धरून उभी होते. त्यांनी कडी नीट बसली का ते ओढून पाहिलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"टेबल तुमचे मामा करणार आणि दिवे तुम्ही. बरोबर?"

"हो. लाकूड आणि लोखंड त्यांचं. वायरी आणि प्रोग्रॅम माझा."

"मग हे तुम्हालाच सांगते. मामांना कामापुरतंच सांगा."

डॉक्टरबाई एक्स-रे आणि स्कॅन वाचायच्या. रुग्णालयातून चित्रं त्यांच्या घरच्या संगणकावर यायची, ती त्या दोन मोठ्या पडद्यांवर बघायच्या आणि काय दिसलं ते माइकमध्ये बोलायच्या. त्याचा रिपोर्ट तयार होऊन परत जायचा. रुग्ण त्यांना कधीच दिसत नसे. या कामाला उजेड फार जपून लागतो. खोली झगझगीत असेल तर चित्रातली बारीक करडी सावली डोळ्याला दिसत नाही, आणि काळोख केला तर डोळे लवकर दमतात. म्हणून पडद्यामागच्या भिंतीवर मंद उजेड हवा. तोही चित्र काळपट असेल तेव्हा कमी होणारा आणि मजकूर वाचताना वाढणारा, आपोआप.

एवढं मला जमण्यासारखं होतं. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसांसाठी मी आणि मामा अशीच टेबलं करतो. एका संगीतकाराच्या टेबलाची कड आवाजाबरोबर उजळते. एका भाषांतरकार आजोबांचं टेबल ते फार वेळ वाकून बसले की लालसर होतं, आणि ते त्याला शिव्या देत सरळ होतात. मी पदार्थविज्ञान शिकले. मोजता येण्यासारखं काही दिसलं की मला राहवत नाही.

"आणखी एक हवंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी बसले की भिंतीवर निळसर उजेड. दुसरं कोणी बसलं तर पिवळा. आणि तो पिवळा, ते माणूस उठून गेलं तरी जाता कामा नये. मी येऊन बटण दाबेपर्यंत तसाच राहायला हवा."

मी टेप गुंडाळायची थांबले. "इथे दुसरं कोण बसतं?"

"तेच मला कळायला हवंय."

मग त्यांनी सांगितलं. एका रुग्णाच्या छातीच्या स्कॅनचा रिपोर्ट त्यांच्या नावाने गेला होता. गाठ उजव्या फुप्फुसात, रिपोर्टमध्ये डाव्या. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने चित्र स्वतः पाहिलं म्हणून निभावलं. रुग्णालयाने चौकशी नेमली होती. चूक त्यांची ठरली तर स्कॅन वाचायचं काम त्यांच्याकडून जाणार होतं, आणि त्यांना दुसरं कुठलंही काम नको होतं.

"मी उजवं म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय. कोणीतरी नंतर बदललंय."

"संगणकात कळेल की, कोणी बदललं ते."

"संगणकात माझंच नाव आहे. मी खोलीतून उठले तरी तो चालूच असतो, कारण चित्रं उतरायला वेळ लागतो. संगणकाला नाव कळतं. हात कोणाचे होते ते त्याला कळत नाही."

हे मात्र बरोबर होतं. आणि खरं सांगायचं तर मला तो प्रश्न आवडला. हात कोणाचे होते ते टेबलाला कळू शकतं.

मी त्यांना विचारलं, "खोलीला कुलूप का लावत नाही?"

"कुलूप लावलं तर कोण ते कधीच कळणार नाही."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. डॉक्टरबाईंनी कडी काढली. बाहेर त्यांची धाकटी नणंद उभी होती, हातात चहाचे कप. घरात तिला सगळे चिऊ म्हणत. रुग्णालयातच ती एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाचं शिक्षण घेत होती.

"वहिनी, दार का लावलंत? मला वाटलं तुम्ही कामात आहात."

"वाऱ्याने लागलं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

खिडकी बंद होती. चिऊने खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कप ठेवून ती गेली.

*

"म्हणजे टेबल नाही, हवालदार करायचाय," मामा म्हणाला.

मी मामाला सगळंच सांगितलं होतं. कामापुरतं सांगायचं म्हटलं तरी मामाला काम सगळंच लागतं. त्याने फळ्या निवडून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्यावरून हात फिरवत तो म्हणाला, "ज्या घरात दार लावून टेबलाची मापं देतात, त्या घरात मी पाणीसुद्धा उभ्याने पितो."

"मामा, त्यांची नोकरी जाईल."

"आणि त्या पोरीचं काय जाईल?"

"तिने केलं असेल तर..."

"तू पाहिलंस का तिने केलेलं?"

"म्हणूनच तर मोजायचंय."

"मोज बाई, मोज. तुला एक तराजू दिला की जेवणाचीही आठवण राहत नाही."

टेबलाची रचना मी अशी ठरवली. खाली लोखंडी चौकट, वर जाड लाकडी फळी, आणि दोन्हींच्या मध्ये चार कोपऱ्यांत चार चपटे सेन्सर. वजनकाट्यात असतात तसेच. माणूस टेबलाशी बसला की कोपरं टेकवतोच. कोणी दोन्ही टेकवतो, कोणी एकच, कोणी पुढे रेलतो. चार कोपऱ्यांवर किती भार पडतो ते बघितलं की भार नेमका कुठे आहे ते कळतं, आणि हे प्रत्येकाचं वेगळं असतं. डॉक्टरबाई उजव्या कोपरावर जोर देऊन बसत, डावा हात हनुवटीखाली. तो भार टेबलाला ओळखायला शिकवायचा. बाकी सगळं पिवळं.

हे मी डॉक्टरबाईंना फोनवर समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "कोणी हळूच बसलं तर? एकेक बोट टेकवत?"

त्यांची शंका मला फार हुशारीची वाटली. वजनकाटा रिकामा असला तरी त्याचा आकडा शून्याच्या थोडा इकडेतिकडे सरकतो. म्हणून चांगला काटा अधूनमधून आपलं शून्य स्वतःच सुधारून घेतो. सावकाश झालेला बदल तो भार म्हणून धरत नाही. माझ्या प्रोग्रॅममध्येही ती सोय होती.

"म्हणजे फारच सावकाश कोणी बसलं, तर त्याला तुमचं टेबल शून्य समजेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"फारच सावकाश बसलं तर. हो."

"मग ती सोय काढून टाका. ज्याला सापडायचं नाही तो सावकाशच बसेल."

मी काढून टाकली.

मामाने फळी चौकटीवर चढवली तेव्हा स्क्रूची भोकं तो लांबट करायला लागला. फळीला मागेपुढे व्हायला थोडी जागा तो नेहमीच ठेवतो.

"जागा नको," मी म्हणाले. "फळी जराशी सरकली तरी माझे आकडे नाचतात. घट्ट आवळ."

"कधी आवळलेली नाही मी."

"यावेळी आवळ."

"बरं. उद्या माझ्या नावाने खडे फोडू नकोस," असं म्हणून त्याने आवळली. फळीवर दोन्ही हात टेकून मी उड्या मारल्या. काही हललं नाही. आकडे पाण्यासारखे शांत होते.

*

टेबल बसवायला गेलो त्या दिवशी डॉक्टरबाई कामावर होत्या, म्हणजे त्याच खोलीत, पडदे जमिनीवर ठेवून. एसी चालू होता. चिऊने आम्हाला वायरी ओढायला मदत केली. ती चटपटीत होती. कुठली वायर कशाला ते एकदा सांगितलं की पुरे. ती टेबलाखाली माझ्याशेजारी वाकली आणि सेन्सरकडे बोट करून म्हणाली, "हे काय बसवलंत?"

कोणाला काही सांगायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं. मी म्हणाले, "लाइटसाठी."

"म्हणजे हात ठेवला की लाइटला कळतं?"

"साधारण."

"कोणाचा हात आहे तेही?"

तिचा दुसरा तळवा वर टेबलावर टेकलेला होता. तो तिने उचलला आणि ओढणीला पुसला. मी ते पाहिलं. मोजण्याची सवय असलेल्या माणसाला अशा गोष्टी दिसतात आणि मग विसरता येत नाहीत.

परतताना मामाला म्हणाले, "तिला काळजी वाटली. नक्की काहीतरी आहे."

"तुझ्यासारखी पोरगी टेबलाखालून आपल्याकडे रोखून बघायला लागली तर मलाही घाम फुटेल," मामा म्हणाला.

थोड्याच दिवसांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच मोकळा ऐकला.

"कामाला लागलं तुमचं टेबल."

त्या रुग्णालयात बैठकीला गेल्या होत्या. परतल्या तर भिंत पिवळी. नवरा कामावर होता. घरात फक्त चिऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या दिवशी सगळेच घरी होते, डॉक्टरबाई खोलीतून उठल्याच नाहीत, आणि पिवळं काही आलं नाही. मग पुन्हा त्या बाहेर पडल्या आणि पुन्हा पिवळं.

माझ्या अंगावर शहारा आला. भीतीचा नाही. आपण मांडलेलं गणित सुटल्याचा तो आनंद होता, आणि त्या आनंदात त्या पोरीचं काय होणार हे माझ्या मनात आलंच नाही.

"एकदा घरी या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टेबल चुकत नाही, एवढंच सगळ्यांसमोर सांगायचं. चौकशी जवळ आली आहे. त्याआधी मला हे घरात मिटवायचंय."

*

मी गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत तिघेही बसले होते. डॉक्टरबाईंचा नवरा सोफ्याच्या टोकाला, बूट न काढता. चिऊ खुर्चीत, पाय वर घेऊन. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यांना सांगा टेबल कसं चालतं."

मी सांगितलं. चार सेन्सर, कोपरांचा भार, निळं आणि पिवळं. सांगताना मी चिऊकडे पाहायचं टाळलं. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला म्हणाला, "म्हणजे आता टेबलाची साक्ष काढायची?"

"मी माणसांना विचारून पाहिलं. माणसं काही बोलत नाहीत."

"तू विचारलंस कुठे? तू नुसती दारं लावत फिरतेस. कित्येक दिवस घरात कोणी शिंकलं तरी तू वळून बघतेस."

"आज विचारते. चिऊ, माझ्यामागे माझ्या टेबलावर तू बसतेस?"

"नाही, वहिनी."

"कधीच नाही?"

"या टेबलावर नाही."

हे ती बोलली आणि मग तिच्याच लक्षात आलं. तिने पाय खाली घेतले. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पिंक पिंक असा आवाज येत राहिला.

"या टेबलावर नाही," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "म्हणजे आधीच्या?"

"चित्रं बघायला बसायचे. नुसती बघायला. आम्ही दिवसभर चित्रं काढतो, वहिनी, पण त्यात काय निघालं ते आम्हाला कोणी सांगत नाही. तुम्ही उघडी ठेवून जायचात, मी बघायचे. कीबोर्डला हात लावला नाही मी. शपथेवर सांगते."

"दादाला माहीत होतं?"

नवऱ्याने मान हलवली, नाही म्हणून.

"चित्रात जी बाजू डावीकडे दिसते, ती रुग्णाची उजवी असते," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट एखादा रिपोर्ट सांगावा तसा सपाट झाला होता. "शिकलेला माणूस यात चुकत नाही. नवशिका चुकतो."

"ते मला तुम्हीच शिकवलंत," चिऊ म्हणाली. "या घरात आले त्या पहिल्या महिन्यात. जेवणाच्या टेबलावर."

"मग पिवळा का येतो रोज?"

"मला माहीत नाही. पण मी बसत नाही."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "टेबल चुकतं का?"

मला वाटतं, त्या क्षणी मी 'नाही' म्हणाले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. चिऊवर माझाही संशय होताच, आता तर तिने अर्धं कबूलही केलं होतं. पण अर्धंच का, हे मला कळत नव्हतं. जुन्या टेबलावर बसल्याचं कोणी पकडलेलं नसताना तिने आपणहून सांगितलं, आणि नव्या टेबलावरचं, पुरावा समोर असताना, नाकारते आहे. खोटं बोलणारं माणूस उलट करेल.

"टेबलावर काहीतरी भार पडला, एवढं मी सांगू शकते," मी म्हणाले. "कोणाचा, ते एकदा मला बघू द्या. खोलीत मला एकटीला बसू द्या. डॉक्टर, तुम्ही बाहेर जाताना खोली कशी ठेवता, तशीच ठेवा."

"कशी म्हणजे?"

"अगदी तशीच."

त्यांनी खिडकीचे पडदे ओढले, पिवळ्यासाठीचं बटण दाबून टेबल पुन्हा कोरं केलं, एसी बंद केला आणि बाहेर गेल्या.

मी टेबलापासून दूर, दाराशी जमिनीवर बसले. मांडीवर लॅपटॉप, त्यावर चार सेन्सरांचे चार आकडे. खोलीत मंद करडा उजेड होता. मी कान दाराला लावून बसले होते की डोळे आकड्यांना, ते मला धड सांगता येणार नाही. बाहेर ते तिघे बोलत नव्हते. कोणीतरी भांडं घासायला घेतलं. कोणीतरी बूट काढले.

हळूहळू खोली उबदार व्हायला लागली. एसीने कोरडी केलेली हवा पुन्हा दमट झाली. मानेशी मला घाम आला. आणि आकडे चढायला लागले.

एकदम नाही. एखादं मूल बोटाने दाबून बघतं तसेही नाही. डोळा लावून पाहिलं तर जागच्या जागी दिसावेत, आणि जरा वेळाने पाहिलं तर वर गेलेले. टेबलापाशी कोणी नव्हतं. खुर्ची आत सरकवलेली होती. तरी आकडे चढत होते, कोणीतरी अतिशय सावकाश, एकेक बोट टेकवत बसत असल्यासारखे. आणि मी बघता बघता भिंत पिवळी झाली.

मी तशीच बसून राहिले. तो पिवळा उजेड माझ्याच अंगावर पडला होता.

कोणताही माणूस इतक्या सावकाश बसत नाही. कोणाला तसं बसता येणार नाही, पाठ मोडेल. हे लाकूड होतं. हवा दमट झाली की फळी आडवी फुगते, खालचं लोखंड गरम होऊन आपल्या परीने पसरतं, आणि दोघांना एकमेकांपासून सरकायला मी जागाच ठेवू दिली नव्हती. मग ती फळी सेन्सरांनाच रेटत होती. जे शून्य स्वतःला सुधारून घेऊन हे सगळं गिळून टाकणार होतं, ते मी बांधून टाकलं होतं. डॉक्टरबाई खोलीत असल्या की एसी चालू, लाकूड गप्प. त्या बाहेर गेल्या की एसी बंद, आणि टेबल पिवळं. सावकाश बसणाऱ्या चोराला पकडायचं म्हणून आम्ही टेबल इतकं संशयी केलं होतं की त्याला हवाही चोर वाटायला लागली.

*

मी दार उघडून फक्त डॉक्टरबाईंना आत बोलावलं आणि दार लोटलं. आता दार लावणारी मी होते.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "कोण आलं होतं?"

"कोणीच नाही."

मी सांगितलं. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. त्या हुशार होत्या, त्यांना दुसऱ्या वाक्यालाच कळलं असावं. त्या खुर्ची ओढून बसल्या, उजवं कोपर टेबलावर, डावा हात हनुवटीखाली.

"पण ती बसत होती," त्या म्हणाल्या. "जुन्या टेबलावर. ते तिनेच सांगितलं."

"बघायला बसत होती, असं सांगितलं."

"तुम्हाला खरं वाटतं?"

"मला माहीत नाही. पण तिने लिहिलं असं सांगणारं आता काहीच उरलं नाही. जे होतं ते या टेबलाचं होतं, आणि ते चुकीचं होतं. चूक माझी आहे."

त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्ही हे चौकशी होईपर्यंत कोणाला सांगितलं नाही तर?"

"म्हणजे?"

"मी तिचं नाव घेणार नाही. घरातल्या एका व्यक्तीला संगणकापाशी जाता येत होतं, एवढंच म्हणेन. टेबलाचं सांगेन. ते विचारतील तर तुम्ही बसवलेलं टेबल आहे, एवढंच तुम्ही सांगायचं."

"घरातली व्यक्ती म्हटल्यावर त्यांना नाव कशाला लागेल? ती त्यांच्याकडेच शिकते."

"मी वीस वर्षं हे करते आहे," त्या म्हणाल्या. "एकदाही बाजू चुकलेली नाही. ती माझी चूक असेल, तर ती मला दिसली नाही. कळतंय का तुम्हाला? मी बोलले, मी वाचलं, पुढे पाठवलं आणि मला दिसली नाही. मग उद्या चित्रात काय दिसलं नाही, हे मला कोण सांगणार?"

मी एवढंच म्हणाले, "मी गप्प राहणार नाही, डॉक्टर. तुम्हीच सांगितलंत तर बरं. नाहीतर मला सांगावं लागेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस त्या नणंदेकडे जशा बघत होत्या, तशाच नजरेने. मग उठून त्यांनी स्वतः दार उघडलं.

"दोघेही आत या," त्या म्हणाल्या.

त्यांनी एसी लावला, खोली गार होऊ दिली, बटण दाबून टेबल कोरं केलं आणि एसी पुन्हा बंद केला. का ते सांगितलं नाही. आम्ही चौघे त्या कोंदट खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहिलो, समोर रिकामं टेबल. थोड्या वेळाने नवरा म्हणाला, "कोणाची वाट बघतोय आपण?" त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली.

बराच वेळ गेला. मग भिंत पिवळी झाली.

चिऊच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की हुंदक्याचा ते कळलं नाही.

"लाकूड आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कोणी बसत नाही. कोणी बसलं नव्हतं." थोडं थांबून म्हणाल्या, "रिपोर्ट माझा होता."

नवरा पुढे झाला, पण त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. चिऊ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "मी आता जाऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता गेली.

*

मामाने फळी उतरवली, भोकं लांबट केली, आणि माझ्या नावाने एकही खडा न फोडता पुन्हा बसवली. पिवळा रंग मी प्रोग्रॅममधून काढून टाकला. चौकशीत डॉक्टरबाईंनी चूक मान्य केली होती. काम गेलं नाही, पण काही महिने त्यांचा प्रत्येक रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरने तपासायचा असं ठरलं होतं.

आम्ही टेबलाखाली स्क्रू बसवत होतो तेव्हा त्या वर कामच करत होत्या. काम थांबवायचं नाही, असं त्यांनी मला दारातच सांगितलं होतं. त्यांचा आवाज ऐकू येत होता. पूर्वी त्या भराभर बोलत. आता एक वाक्य बोलून त्या थांबत, चित्र मोठं करत, परत लहान करत.

बाहेरच्या खोलीत कपाटाची दारं वाजत होती. चिऊ होस्टेलमध्ये राहायला चालली होती. आपल्यामुळे घरात दारं लागतात, ते नको, असं ती दादाला म्हणाली होती. ती बॅग घेऊन खोलीच्या दारात आली आणि उंबरठ्याच्या बाहेरच थांबली.

"निघते, वहिनी."

डॉक्टरबाईंनी माइक बंद केला. टेबलाखालून मला त्यांचे पाय दिसत होते. ते दाराकडे वळले.

"चिऊ, हे जरा बघतेस का? कुठली बाजू आहे, एवढंच सांग."

मामाने स्क्रूवरचा हात थांबवला. चिऊने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिला पडदा दिसत होता. तेवढ्या अंतरावरूनही तिला सांगता आलं असतं, असं मला वाटतं.

"तुम्हीच बघा," ती म्हणाली. कडवटपणे नाही. "तुम्हाला दिसतं ते."

मग तिची पावलं जिन्यावर वाजली आणि खालचं दार लागलं.

डॉक्टरबाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. भिंतीवरचा उजेड कमी झाला, म्हणजे चित्र काळपट असणार. त्या बराच वेळ बघत होत्या. मामाने मला खुणेनं स्क्रू मागितला. मी दिला. वर माइक चालू झाल्याचा बारीक आवाज आला.

"उजवं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, रिपोर्टात नको असलेलं काहीतरी पुटपुटल्या, ते खोडलं, आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागल्या.